‘बरोबर’ आणि ‘मुळे’

वेतनवाढीची किंवा महागाई भत्त्याची घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : ‘आता पगारांबरोबर भावही वाढणारच.’ वाक्य साधे आहे आणि वरवर पाहता त्यात खोटे असे काही नाही. पगार वाढतात, भावही वाढतात. दोन्ही गोष्टी साधारणतः एकाच काळात घडतात. परंतु बोलणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच अभिप्रेत नसते. ‘पगार वाढतात म्हणून भाव वाढतात’ असाच त्याचा अर्थ घेतला जातो. ‘बरोबर’ या शब्दाच्या पोटात ‘मुळे’ हा शब्द नकळत शिरलेला असतो. कालवाचक शब्दाने कारणवाचक शब्दाची जागा घ्यावी आणि ती घेतल्याचे कोणाच्या ध्यानातही येऊ नये, ही निव्वळ व्याकरणाची गंमत म्हणून सोडून देता येत नाही. या गल्लतीपायी पगारदारांचे हक्काचे पैसे अडकवून ठेवले गेल्याचे उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे.

एका वेळी घडणाऱ्या किंवा एका काळात नांदणाऱ्या गोष्टी सांगणारे शब्द मराठीत उदंड आहेत. ‘एकदम’, ‘एकाच वेळी’, ‘बरोबर’, ‘सोबत’, ‘दरम्यान’, ‘त्याच सुमारास’ हे रोजच्या बोलण्यातले. ‘समकालीन’, ‘समवर्ती’, ‘सहवर्ती’, ‘युगपत्’ हे संस्कृतातून आलेले. आणि जुन्या पंडिती गद्यातला ‘एकसमयावच्छेदेकरून’ हा दम लागेल इतका लांब शब्द तर स्वतंत्रच. कोशात हे शब्द एकमेकांच्या शेजारी बसतात, म्हणून ते समानार्थी ठरत नाहीत. ‘दरम्यान’ हा शब्द दोन घटनांत कसलेही नाते सुचवीत नाही. बहुधा म्हणूनच वार्ताहरांना तो इतका सोयीचा वाटतो. ‘पाठोपाठ’ हा शब्द क्रम सांगतो आणि थांबतो. ‘बातमी ऐकल्यासरशी तो उठला’ या वाक्यातला ‘सरशी’ क्रम तर सांगतोच, शिवाय कारणही सांगून जातो. ‘युगपत्’ या शब्दातील ‘युग’ म्हणजे जू. एका जुवाखाली चालणारे दोन बैल हे त्यामागचे चित्र आहे. दोन्ही बैल एकाच वेळी पाऊल टाकतात, परंतु त्यांतला कोणताही दुसऱ्याला चालवीत नाही. चालविणारा कासरा धरून मागे बसलेला असतो. पुढील विवेचनात या तिसऱ्याची गाठ वारंवार पडणार आहे.

‘बरोबर’ हा शब्द फारसीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ समान, तोडीस तोड. मराठीत त्याला तीन अर्थ चिकटले. ‘तो माझ्याबरोबर आला’ येथे सोबत, ‘दोन्ही पारडी बरोबर आहेत’ येथे समानता, आणि ‘उत्तर बरोबर आहे’ येथे अचूकपणा. सोबत, समानता आणि सत्य ही तिन्ही एकाच शब्दाने बोलली जाऊ लागली की एकीवरून दुसरीवर घसरणे सोपे जाते. राज्यघटनेतील ‘समवर्ती सूची’चेही असेच आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यांच्या सूचीतून या सूचीत आला. संसद आणि राज्यांची विधिमंडळे या दोहोंनाही या विषयावर एकाच काळी कायदा करता येतो, एवढेच ‘समवर्ती’ हा शब्द सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून समान अधिकाराचा भास होतो. प्रत्यक्षात दोन कायद्यांत विरोध आला की घटनेच्या अनुच्छेद २५४ नुसार सामान्यतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो. बरोबर असणे आणि बरोबरीचे असणे यांतील हा फरक शिक्षकवर्गाला तरी वेगळा सांगावयास नको.

कावळा, फांदी आणि ओले सरपण

सामान्य माणसाला हा भेद कळत नाही असे मात्र नाही. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण खेड्यापाड्यांतून कोणीही सहज वापरतो. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. तेथे कावळा ताडावर बसतो आणि फळ खाली पडते, एवढाच फरक. दोन घटना एका क्षणी घडल्या, परंतु एकीमुळे दुसरी घडली असे म्हणण्यास आधार नाही, हे शहाणपण या एका ओळीत साठविलेले आहे. घरच्या गोष्टींत ते आपण पाळतो. राष्ट्राच्या गोष्टींत मात्र कावळ्याला फांदी मोडल्याबद्दल दंड ठोठावतो.

आपल्या नैयायिकांनी तर या प्रश्नाचा कसून विचार केला होता. सतराव्या शतकातील अण्णंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकत आल्या आहेत. त्यात धूर आणि अग्नी यांचे उदाहरण येते. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करता येते, कारण धुराचे अग्नीशी असलेले साहचर्य नियत आहे. याला त्यांनी ‘व्याप्ती’ म्हटले. परंतु उलट बाजूने, अग्नी दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग चुलीत दोन्ही एकत्र का दिसतात? सरपण ओले असते म्हणून. हे ओले सरपण म्हणजे त्या अनुमानातील ‘उपाधी’. जोपर्यंत अशी उपाधी आपण शोधून काढलेली नाही, तोपर्यंत दोन गोष्टी शंभर वेळा एकत्र दिसल्या तरी निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. एक असताना दुसरी असते, हा झाला अन्वय. एक नसताना दुसरीही नसते, हा व्यतिरेक. दोन्ही कसोट्या लावल्याखेरीज साहचर्याला आधार मिळत नाही. संख्याशास्त्राच्या वर्गात सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक आम्ही आज इंग्रजी पुस्तकांतून शिकवितो. तो मराठीत सांगण्यासाठी लागणारे शब्द आपल्याकडे केव्हापासून तयार आहेत.

भत्ता आधी की भाव आधी?

आता १९७४ सालाकडे वळू. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. त्यापूर्वीच्या दोनतीन वर्षांत किती गोष्टी ‘एकाच वेळी’ घडल्या होत्या ते पाहावे. १९७१ चे युद्ध आणि निर्वासितांचा लोंढा. १९७२ चा, महाराष्ट्राने कधीही न विसरावा असा, दुष्काळ. १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार सरकारने हाती घेण्याचा फसलेला प्रयोग. ऑक्टोबर १९७३ पासून तीन महिन्यांत जवळजवळ चौपट झालेले खनिज तेलाचे दर. आणि सरकारी अंदाजपत्रकांतील तूट. याच काळात पगार आणि महागाई भत्तेही वाढत होते. जुलै १९७४ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून वाढीव पगाराची सर्व आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीची ठेव म्हणून अडकवून ठेवली. ती पुढे व्याजासह परत करावयाची होती, आणि त्याच सुमारास कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा घालण्यात आली व बँक दर ७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर नेण्यात आला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. हाती आलेला पैसा बाजारात उतरला तर भाव आणखी भडकतील, हा सरकारचा युक्तिवादही अगदीच निराधार नव्हता.

परंतु महागाई भत्ता या नावातच घटनांचा क्रम सांगितलेला आहे. आधी वस्तू महाग होतात. मग निर्देशांक त्याची नोंद घेतो. मग त्याची सरासरी काढली जाते. मग आदेश निघतो. आणि त्यानंतर कारकुनाच्या हाती पैसे पडतात. आजही केंद्र सरकारचा भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखांपासून, मागील बारा महिन्यांच्या निर्देशांकांच्या सरासरीवरून ठरतो, आणि घोषणा त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होते. जी गोष्ट भावांच्या मागून चालत येते तिला भावांचे कारण ठरविणे म्हणजे सावलीने माणसाला ढकलले असे म्हणण्यासारखे आहे. भत्त्याची रक्कम पुढे मागणीत भर घालते हे खरे. परंतु मग ती भर किती, आणि तेल, धान्य व तूट यांचा वाटा किती, याचा हिशेब मांडावयास हवा. ‘बरोबर’ हा शब्द वापरला की तो हिशेब मांडण्याची गरजच उरत नाही, आणि हाच त्यातला धोका आहे.

व्यतिरेकाची कसोटीही लावून पाहण्यासारखी आहे. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशी २००८ मध्ये अमलात आल्या आणि २००९-१० मध्ये कामगारांचा किंमत निर्देशांक दोन अंकी वेगाने वाढला. येथे अन्वय जुळतो. पण त्याच २००९ साली मोसमी पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्क्यांनी कमी पडला होता, हे ओले सरपणही तेथेच होते. सातव्या आयोगाचे वेतन २०१६ मध्ये मिळाले. त्यानंतर किरकोळ भाववाढीचा दर २०१५-१६ मधील ४.९ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये ४.५ आणि २०१७-१८ मध्ये ३.६ टक्क्यांवर उतरला. पुढे महासाथीच्या काळात केंद्र सरकारने महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठविले, तरी २०२०-२१ मध्ये भाव सरासरी ६.२ टक्क्यांनी वाढले. पगार वाढले तेव्हा भाववाढ मंदावली, भत्ता थांबला तेव्हा ती वेगावली. एवढ्यावरून पगारांचा भावांशी काहीच संबंध नाही असा निष्कर्ष मी काढीत नाही. तसे करणे म्हणजे तीच चूक उलट दिशेने करणे होईल. त्यांचे साहचर्य नियत नाही, एवढे मात्र यावरून म्हणता येते.

अशा चुकीचा राजकीय लाभ कसा घेतला जातो याचेही उदाहरण याच काळात सापडते. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि १९७५-७६ मध्ये किमती उतरल्या. ‘आणीबाणीबरोबर महागाईही आटोक्यात आली’ हे वाक्य त्यानंतर वर्षानुवर्षे ऐकू येत राहिले. वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ते आजही ऐकू येते. वास्तविक घाऊक किमतींचा निर्देशांक सप्टेंबर १९७४ मध्येच शिखर गाठून उतरू लागला होता, म्हणजे आणीबाणीच्या कित्येक महिने आधी. १९७५ साली पाऊस चांगला झाला आणि १९७५-७६ चे धान्योत्पादन १२ कोटी टनांच्या वर गेले. नागरिकांचे स्वातंत्र्य गेले नसते तर भाव उतरले नसते, असे मानण्यास यात कोणता आधार आहे? पण ‘बरोबर’ या शब्दाने तो आधार फुकटात पुरविला.

शब्दातच दडलेले उत्तर

आम्हा अर्थशास्त्र शिकविणाऱ्यांनीही या बाबतीत भाषेवर थोडा अन्याय केला आहे. इंग्रजीतील ‘इन्फ्लेशन’ या शब्दासाठी मराठीत ‘चलनवाढ’ हा शब्द रूढ झाला. मूळ शब्दाचा अर्थ फुगणे एवढाच. काय फुगते ते तो सांगत नाही. मराठी शब्दाने मात्र उत्तर आधीच देऊन टाकले. भाव वाढणे आणि चलन वाढणे या दोन घटना अनेकदा एका काळात घडतात. ‘चलनवाढ’ या शब्दाने त्या दोहोंना एकच नाव दिले. परिणामी २०१६ च्या अखेरीस एक विचित्र स्थिती निर्माण झाली. त्या वर्षी नोव्हेंबरात ५०० आणि १००० रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या दृष्टीने त्या चलनाच्या सुमारे ८६ टक्के होत्या. दोन महिन्यांत लोकांच्या हातातील चलन जवळजवळ निम्म्यावर आले. आणि त्याच महिन्यांत ‘चलनवाढीचा दर’ तीन टक्क्यांहून अधिक असल्याचे आपण वाचत होतो! आकडा चूक नव्हता. तो किमतींचा होता. चूक शब्दाची होती.

पैसा म्हणजे केवळ नोटा नव्हेत, त्यात बँकांतील ठेवीही येतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो योग्य आहे. भाववाढ हा सर्वकाळ पैशाच्या राशीचाच प्रश्न असतो असे मानणारे मिल्टन फ्रीडमन यांच्यासारखे थोर अर्थशास्त्रज्ञही होऊन गेले. त्यांचे मत कदाचित खरेही असेल. परंतु ते खरे की खोटे हे पुराव्याने ठरले पाहिजे, कोशाने नव्हे. ‘भाववाढ’ हा सरळ, सर्वांना कळणारा शब्द हाताशी असताना वादग्रस्त सिद्धांत पोटात घेतलेला शब्द पाठ्यपुस्तकात ठेवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

समकालीनतेचा आणखी एक प्रकार असा की त्यात काळ नसतोच. शाळेतील ‘एकसामयिक समीकरणे’ आठवावीत. त्या समीकरणांत कोणतीही घटना घडत नाही. दोन अटी एकाच वेळी पुऱ्या करणारे उत्तर शोधावयाचे असते. अर्थशास्त्रात मागणी आणि पुरवठा यांचे नाते असेच आहे. किंमत मागणी ठरविते की पुरवठा, हा वाद आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये कात्रीचा दाखला देऊन मिटविला : कागद वरचे पाते कापते की खालचे, असे विचारण्यात अर्थ नाही. येथे ‘मुळे’ हा शब्द एकाच बाजूला लावणे चुकीचे असते. पगार आणि भाव यांचे नाते काही अंशी तरी या जातीचे आहे. दोन्ही परस्परांवर परिणाम करतात, आणि दोहोंवर पाऊस, तेल, कर व व्याजदर यांचा परिणाम होतो. उत्तरपत्रिकांत अशा प्रश्नावर एका बाणाची आकृती काढून मोकळे होणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. दोष त्यांचा नाही. एका कर्त्याची आणि एका क्रियापदाची वाक्ये लिहावयास आपणच त्यांना शिकविलेले असते.

हा प्रश्न जुन्या इतिहासापुरता नाही. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र घ्याव्यात काय, याचा विचार करण्यासाठी माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यासाठीचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले. एकत्र निवडणुकांनंतर आर्थिक वाढीचा वेग अधिक राहतो, असाही एक दावा त्या अहवालात आहे. आता देशभर अशा एकत्र निवडणुका झाल्या त्या १९५१-५२, १९५७, १९६२ आणि १९६७ या चारच वेळा. त्यांतील शेवटचीच घ्या. १९६७ ची निवडणूक लागोपाठच्या दोन दुष्काळांनंतर झाली. १९६६-६७ मध्ये सुमारे ७.४ कोटी टन असलेले धान्योत्पादन १९६७-६८ मध्ये साडेनऊ कोटी टनांवर गेले, आणि राष्ट्रीय उत्पन्नही त्याबरोबर वर आले. हे मतपेटीने केले की पावसाने? एकत्र निवडणुकांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु चार निवडणुका आणि एक मोसमी पाऊस यांच्या भरवशावर अर्थव्यवस्थेचे भविष्य सांगू नये.

यावर कोणी म्हणेल, असा काटेकोरपणा वर्गात ठीक आहे; राज्यकर्त्यांना पुराव्याची वाट पाहत बसता येत नाही. हे मान्य केले पाहिजे. दुष्काळ पडला असता अन्वय-व्यतिरेक तपासत बसणारे सरकार काय कामाचे? अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावे लागतात आणि ते घेतले पाहिजेत. मात्र अपुऱ्या माहितीवर घेतलेला निर्णय त्याच नावाने सांगितला पाहिजे. कारण अंदाज चुकला तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि ती कोणाला मोजावी लागते हेही ठरलेले असते. अनेक गोष्टी एका वेळी घडत असतात तेव्हा, जी सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते तिच्याकडेच बोट दाखविले जाते. पगारदाराचे उत्पन्न आदेशात छापलेले असते, वृत्तपत्रांत मथळ्यात येते, आणि कापावयाचे झाल्यास पगारपत्रकावरच कापता येते. साठेबाजाच्या गुदामातला माल, दलालाची आडत आणि परदेशातील तेलाचा सौदा यांची घोषणा कोणी करीत नाही. म्हणून भाव वाढले की ‘बरोबर’ हा शब्द शिक्षक, कारकून आणि कामगार यांच्याच वाट्याला येतो.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आठवा वेतन आयोग स्थापन करण्यास जानेवारी २०२५ मध्ये सरकारने मान्यता दिली. त्याच्या शिफारशी लागू होतील तेव्हा हे जुने वाक्य पुन्हा एकदा कानावर येईल. ते ऐकणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. दोहोंपैकी आधी काय घडले? त्याच काळात आणखी काय काय घडत होते? आणि एक घडले नाही तेव्हा दुसरे थांबले होते काय? यांसाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर ज्याला ‘मुळे’ म्हणावयाचे असेल त्याने ते खुशाल म्हणावे आणि त्याचा पुरावा द्यावा. तोपर्यंत ‘बरोबर’ या शब्दाला त्याच्या कालवाचक अर्थापलीकडे जाऊ देऊ नये.